शस्त्र सर्वांत शेवटी निवडावे

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात राहणाऱ्या माझ्या भाच्याने मध्यंतरी फोनवर विचारले, "मामा, हरणाच्या शिकारीसाठी पहिलाच क्रॉसबो घ्यायचा आहे. कोणता घेऊ? तुम्ही तर इतकी वर्षे शस्त्रपरवाने दिलेत." प्रश्न साधा होता, पण त्याने मला माझ्याच सह्यांची आठवण करून दिली.

आपल्याकडे असा प्रश्न रीतसर उद्भवतच नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शस्त्राच्या व्याख्येत बंदुकीप्रमाणेच धनुष्यबाणाचाही उल्लेख आहे आणि शिकारीचा प्रयत्न हीदेखील शिकारच मानली आहे. हौशी शिकारीचा उरलासुरला मार्ग १९९१ च्या दुरुस्तीने बंद केला. निकोबार बेटांतील अनुसूचित जमातींना पूर्वी दिलेले शिकारीचे हक्क मात्र कलम ६५ ने अबाधित ठेवले.

पेनसिल्व्हेनियाची परिस्थिती निराळी आहे. लांडग्यासारखे मोठे शिकारी प्राणी तेथून केव्हाच नाहीसे झाले. पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे काम मुख्यतः परवानाधारक शिकारीच करतात. धनुष्याच्या हंगामात क्रॉसबो वापरण्यास तेथे २००९ मध्ये सर्वसाधारण मुभा मिळाली. नवख्याला मात्र आधी शिक्षणवर्ग उत्तीर्ण व्हावे लागते.

भाच्याला मी सांगितले ते असे. जाहिराती बाणाचा वेग विकतात. सेकंदाला ४०० फूट हा आकडा वाचून नवशिका भुलतो. त्याने वेग नव्हे, ताण पाहावा. स्वतःला सुरक्षितपणे चढवता येईल एवढ्याच ताणाचे धनुष्य घ्यावे. दोरी चढवण्याच्या साधनाने लागणारा जोर जवळजवळ निम्मा होतो, म्हणून ते सोबत असावे. दस्ता खांद्याला नीट बसतो का, अंगठा दोरीच्या वाटेत येणार नाही अशी आडकाठी आहे का, बाण नसताना दोरी सुटू नये अशी सोय आहे का आणि न झाडता दोरी उतरवता येते का, हे दुकानात हातात घेऊनच तपासावे. बाण निर्मात्याने सांगितलेल्या वजनाहून हलका नसावा. कितीही वेगवान बाण असला तरी दोरीचा आवाज त्याच्या आधी पोहोचतो आणि हरीण दचकून हलते. म्हणून नवख्याने ३० यार्डांच्या पलीकडे चाप ओढूच नये. जखमी होऊन झाडीत नाहीसे झालेले जनावर हा नेमबाजाचा दोष असतो, धनुष्याचा नव्हे.

त्या धनुष्याच्या किमतीतही एक प्रशासकीय धडा दडलेला आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने अमेरिकेत शिकारीच्या बंदुका व काडतुसांवरील अबकारी कर वन्यजीव संवर्धनाकडे वळवला. धनुष्यबाणावर ११ टक्के कर लावण्याची दुरुस्ती झाली १९७२ मध्ये, म्हणजे आपला अधिनियम आला त्याच वर्षी. या पैशातून राज्यांचे वन्यजीव विभाग अधिवास राखतात आणि शिकाऱ्यांना शिक्षणही देतात. शस्त्र घेणाऱ्याच्या खिशातूनच त्याच्या प्रशिक्षणाचा खर्च निघतो. शिकारबंदीचे आपले धोरण मला योग्यच वाटते. परंतु हा दुवा अनुकरणीय आहे.

आता माझ्या सह्यांविषयी. पीकसंरक्षणाच्या परवान्याचे नूतनीकरण करताना एकदा एक वृद्ध शेतकरी गोणपाटात गुंडाळलेली बंदूक घेऊन माझ्यासमोर आला. पोलीस अहवाल, महसुली अहवाल, शुल्क सारे बिनचूक होते. बंदूक रिकामी करून दाखवा म्हटल्यावर त्याचे हात थरथरू लागले. त्याला ते येत नव्हते. शेवटी दारावरच्या शिपायाने ती रिकामी केली. आत काडतूस होते. मूळ परवान्यावर सही माझीच होती. अर्जदार कोण, त्याच्यावर गुन्हे आहेत का, हे आम्ही सर्व विचारले होते. त्याला हे हत्यार हाताळता येते का, एवढे मात्र विचारले नव्हते. शस्त्र नियम, २०१६ ने प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राची अट घातली, ती याच उणिवेवरचा उपाय आहे. ते प्रमाणपत्र धारिकेतील आणखी एक कागद ठरू नये, ही जबाबदारी परवाना देणाऱ्याची आहे.

म्हणून भाच्याला क्रम सांगितला: आधी कायदा, मग प्रशिक्षण, मग स्वतःचे हात, आणि सर्वांत शेवटी दुकान. "म्हणजे या हंगामात नाहीच का?" त्याने विचारले. मी म्हटले, "या हंगामात फक्त लक्ष्यफलक."