व्यवहारदर्शन : उभ्या मोटारीचा कायदा

मोटार रस्त्यावर धावतच नाही, तर कर आणि विमा कशासाठी, असा प्रश्न सामान्य मनुष्यास पडणे स्वाभाविक आहे. मॉरिशसहून ब्रिटनमध्ये जाऊन स्थायिक झालेली कुटुंबे काही महिने आप्तेष्टांकडे येतात, तेव्हा मोटार तिकडे दारात उभी राहते आणि विम्याची मुदत मात्र संपून जाते. तेथील कायदा या विस्मरणास क्षमा करीत नाही.

१९९८ पासून तेथे ‘सॉर्न’ नामक घोषणेची पद्धत आहे. मोटार रस्त्यावर आणणार नाही, असे मालकाने डीव्हीएलए या सरकारी कचेरीस कळवावयाचे. त्यास शुल्क नाही. भरलेल्या कराचे उरलेले पूर्ण महिने परत मिळतात आणि विम्याची सक्तीही राहत नाही. परंतु घोषणा न करता विमा खंडित झाला, तर २०११ पासूनच्या नियमाने मोटार जागची न हलताही १०० पौंड दंड होऊ शकतो.

घोषणा केलेली मोटार खाजगी आवारात वा गराजमध्येच हवी; घरासमोरील सार्वजनिक रस्ता चालत नाही. ती बाहेर काढता येते ती केवळ आधी वेळ ठरविलेल्या एमओटी तपासणीसाठी, आणि तीही विमा उतरवूनच. अन्यथा खटला आणि २,५०० पौंडांपर्यंत दंड! सक्ती नसली, तरी आग व चोरी यांपुरता विमा चालू ठेवणे शहाणपणाचे.

काचेवरील कराची चकती २०१४ साली रद्द झाली. मुदतीची आठवण देणारे आता डोळ्यांसमोर काही नसते. म्हणून प्रवासास निघण्यापूर्वीच ही घोषणा करून टाकावी.