मोजायला येणाऱ्याने परत यावे

पूर ओसरला की गावात तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येतात. पडलेल्या भिंती, वाहून गेलेली गुरे, खरडून गेलेली जमीन असे सगळे पंचनाम्यात उतरते. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली तेव्हाही हे झाले. ते व्हायलाच हवे, कारण पंचनाम्याशिवाय खात्यात पैसे जमा होत नाहीत. पण त्या घरातली माणसे या धक्क्यातून सावरताहेत की आतल्या आत खचताहेत, याला पंचनाम्यात रकाना नाही. तो असावा, असे माझे ठाम मत आहे. आज लिहायचे आहे ते तो कसा भरावा याबद्दल. मनाचे मोजमाप घाईने, एकदाच आणि पुढे काही न करता झाले, तर ते न झालेलेच बरे.

मोजण्याची साधने नाहीत असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेची वीस प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. उत्तर फक्त हो किंवा नाही. गेल्या महिनाभरात डोके दुखते का, भूक लागते का, झोप नीट लागते का, हात थरथरतात का, रोजच्या कामात मन लागते का. सतराव्या प्रश्नात जीव संपवण्याचा विचार मनात आला का, हे सरळ विचारलेले असते. भोपाळच्या वायुगळतीनंतर १९८५मध्ये तिथल्या दहा दवाखान्यांत आलेल्या रुग्णांना आधी असेच प्रश्न विचारले गेले आणि ज्यांची उत्तरे काळजीची वाटली त्यांना मानसोपचारतज्ज्ञांनी तपासले. शंभरातल्या बावीस-तेवीस जणांना मानसिक विकार असल्याचे निघाले. मग बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतले डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भोपाळच्या साध्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांनाच या आजारांची ओळख आणि उपचार शिकवले. आकडा हाती आला आणि त्यातून काम उभे राहिले, म्हणून तो आकडा मला मोलाचा वाटतो.

पण हे मोजमाप दवाखान्याची पायरी चढलेल्यांचे होते. जो घराबाहेरच पडत नाही, त्याला कोण विचारणार?

प्रश्नांचे गुण मांडतानाही भान लागते. पत्र्याच्या शेडमध्ये चार कुटुंबे दाटीने राहताहेत, वरून पाऊस वाजतो आहे, लेकरू तापाने फणफणले आहे. अशा घरातल्या बाईला झोप लागते का असे विचारले तर ती नाही म्हणणारच. तिचे मन आजारी आहे की छप्पर गळते आहे, हे त्या ‘नाही’वरून कळत नाही. मार्डी होरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९७९मध्ये तयार केलेली मोजपट्टी म्हणूनच वेगळे विचारते: ती घटना नको असताना डोळ्यांसमोर येते का, तिची आठवण होईल असे सगळे तुम्ही टाळता का. हे प्रश्न त्या दुखण्याच्या जास्त जवळ जातात. शिवाय विचारणारा सरकारी माणूस असला आणि मदतीची यादी अजून लागलेली नसली, तर उत्तर यादीकडे बघून दिले जाते. त्यात लोकांचा दोष नाही. मदतीचे वाटप आणि मनाची विचारपूस एकाच माणसाने, एकाच दिवशी करू नये, एवढे तरी पाळता येईल.

वेळेचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपत्तीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत झोप उडणे, दचकणे, रडू फुटणे हे आजाराचे लक्षण धरत नाहीत. त्रास महिन्याहून जास्त टिकला तरच आघातोत्तर ताणविकाराचे निदान करता येते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनॅनो यांच्या अभ्यासांतून दिसते की बरीच माणसे पहिल्यापासूनच तग धरतात, काही हळूहळू सावरतात, काहींचा त्रास जुनाट होतो, आणि काही थोडे असे असतात की आधी ठीक दिसतात आणि महिन्यांनी ढासळतात. एकदाच मोजणाऱ्याला यातला शेवटचा माणूस कधीच सापडत नाही. पाहणी आठव्या दिवशी केली तर सगळे गाव आजारी दिसेल.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे निजली होती. जाड दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर आले आणि लातूर-उस्मानाबाद भागात जवळपास दहा हजार माणसे गेली. वाचलेल्यांपैकी अनेकांना पुढे कित्येक महिने पक्क्या छताखाली अंग टाकवत नव्हते. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने, डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने, या भागातल्या लोकांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास केला. महाराष्ट्राला हा विषय तेव्हापासून ठाऊक आहे.

किल्लारीने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती कोणत्याही प्रश्नावलीत सहज मावत नाही. पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसवली गेली. रुंद सरळ रस्ते, आखीव प्लॉट, भूकंपाला टिकतील अशी घरे. पण जुन्या गल्लीत ओट्यावरून हाक मारली की शेजारीण यायची, ते अंतर आता लांबले. अमेरिकेत १९७२मध्ये बफेलो क्रीक खोऱ्यात कोळशाच्या खाणीचा बांध फुटून १२५ माणसे मेली. तिथे गेलेल्या काई एरिक्सन या समाजशास्त्रज्ञाला हेच दिसले होते. शेजार न पाहता माणसांना तात्पुरत्या वसाहतींत पांगवले गेले आणि दुसऱ्यांदा काही तरी उद्ध्वस्त झाले. म्हणून मी कोणत्याही प्रश्नावलीत एक साधा प्रश्न घालीन: रात्री-अपरात्री अडचण आली तर कोणाचे दार वाजवाल? याचे उत्तर अडखळत आले तर त्या घरी पुन्हा जायलाच हवे.

पुन्हा जाणे कसे असते ते फुकुशिमात दिसते. २०११च्या अणुभट्टी दुर्घटनेनंतर घरे सोडावी लागलेल्या भागांतल्या लोकांना तिथले वैद्यकीय विद्यापीठ दरवर्षी प्रश्नावली पाठवत आले आहे. त्यात मनाच्या ताणाचे सहा प्रश्न आहेत, गुण शून्य ते चोवीस. तेरा किंवा जास्त गुण आलेले प्रौढ पहिल्या वर्षी १४.६ टक्के होते, म्हणजे जपानमधल्या नेहमीच्या प्रमाणाच्या चौपटीहून जास्त. तिथले हे प्रमाण पुढे वर्षागणिक उतरत गेले. मला यातला आकड्यापेक्षा फोन मोलाचा वाटतो. ज्यांचे गुण चिंताजनक असतात त्यांना विद्यापीठातून फोन जातो, त्रास विचारला जातो, गरज पडली तर डॉक्टरांकडे पाठवले जाते.

आपल्याकडे यासाठी नवे काही उभारावे लागणार नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची मनोसामाजिक आधाराविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २००९पासून आहेत. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२पासून चालू आहे. आणि शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशाताई घरोघर जाऊन प्रश्न विचारतात, नैराश्याची लक्षणे दिसली तर नाव पुढे कळवतात. अतिवृष्टीने झोडपलेल्या गावांत हाच फेरा ठरवून तीनदा व्हावा: महिन्याने, सहा महिन्यांनी आणि वर्षाने. सहा महिन्यांचा फेरा तर चुकवूच नये. तोवर मदतीचे पैसे संपलेले असतात, सावकाराचा आणि बँकेचा तगादा सुरू झालेला असतो आणि गावात मदत घेऊन येणाऱ्या गाड्या थांबलेल्या असतात.

जीव संपवण्याच्या विचाराचा तो सतरावा प्रश्न विचारायचा तर सासू-सासऱ्यांसमोर, उंबऱ्यात उभे राहून विचारता येत नाही. बसायला निवांत जागा लागते, ‘हो’ असे उत्तर आले तर त्याच दिवशी कोणाला फोन करायचा ते आशाताईला पक्के माहीत असावे लागते, आणि तो फोन उचलला जावा लागतो. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञाची भेट दोन महिन्यांनी मिळणार असेल तर तो प्रश्न विचारायचा अधिकार आपल्याला नाही.

आशाताईंना या फेऱ्यांचे मानधन वेगळे आणि वेळेवर मिळाले पाहिजे. आशाताई त्याच गावची असते, पुराचे पाणी तिच्याही घरात शिरलेले असते. विचारपुशीच्या यादीत तिचे घर पहिले असावे, आणि तिला ते प्रश्न दुसऱ्या गावच्या आशाताईने विचारावेत.