मायनिंग पूलची कमाई रोज का बदलते?

काल ॲपवर चांगली रक्कम दिसत होती, आज तिच्या निम्मीच. मशीन तीच, वीज तेवढीच जळली. मग पूलवाला मधल्यामध्ये कापतो का? भंडाऱ्या-साकोलीकडच्या पोरांकडून हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो. पूल फी कापतोच, पण रोजच्या चढउताराचं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं.

आपल्या जिल्ह्यातले मामा तलाव डोळ्यांसमोर आणा. समजा तलावात एका वेळी एकच मोठा मासा आहे आणि तो कुणाच्या जाळ्यात येईल हे निव्वळ नशीब. एकट्याने जाळं टाकलं तर वर्षानुवर्षं हात रिकामा. म्हणून मच्छीमार संस्था ठरवते की मासा कुणालाही मिळो, ज्याने जितक्या वेळा जाळं टाकलं तितका त्याचा वाटा. मायनिंग पूल म्हणजे हेच. जाळं टाकल्याचा पुरावा म्हणजे ‘शेअर’, आणि मासा म्हणजे बिटकॉइनचा ब्लॉक. असा पहिला पूल २०१० मध्ये चेक प्रोग्रॅमर मारेक पालाटिनस याने सुरू केला.

ब्लॉक साधारण दर १० मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाला १४४ सापडतात. तुमच्या पूलकडे जगातली १ टक्का ताकद असेल तर दिवसाला सरासरी १.४४ ब्लॉक त्याच्या वाट्याला येतात. पण ही सरासरी झाली. गणित करून पाहिलं तर अशा पूलला साधारण चार दिवसांतून एक दिवस एकही ब्लॉक मिळत नाही, आणि एखाद्या दिवशी चार-चार मिळतात. कुणी चोरी केलेली नसते. पूल जितका छोटा, तितके हे हेलकावे मोठे.

काही पूल हा धोका स्वतःवर घेतात. ब्लॉक सापडो न सापडो, प्रत्येक शेअरचे ठरलेले पैसे देतात आणि त्या बदल्यात फी जास्त लावतात. या पद्धतीला ‘पीपीएस’ म्हणतात. पण तिथेही दर कायमचा नसतो, आणि पोरं इथेच फसतात. दर २०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, नेटवर्क स्वतःच ‘डिफिकल्टी’ बदलतं. जगात मशिनी वाढल्या की कोडं अवघड होतं आणि तुमच्या त्याच मशीनचा वाटा घटतो. उलटंही होतं. २०२१ मध्ये चीनने मायनिंग बंद पाडलं आणि जुलैमध्ये डिफिकल्टी एका फटक्यात सुमारे २८ टक्के उतरली. बाकीच्यांना काही न करता सव्वापटीहून जास्त बिटकॉइन मिळू लागले.

शिवाय साधारण चार वर्षांनी बक्षीस निम्मं होतं. २० एप्रिल २०२४ ला ते ६.२५ वरून ३.१२५ बिटकॉइनवर आलं. गंमत म्हणजे त्याच दिवशी व्यवहारांची इतकी गर्दी झाली की त्या पहिल्याच ब्लॉकमध्ये नुसती फी ३७ बिटकॉइनच्या वर जमली. कमाईत ही फीसुद्धा असते, आणि ती रोज वेगळी. ॲप रुपयांत आकडा दाखवत असेल तर त्यात बाजारभावाची उडी आणखी वेगळी.

हे सगळं ध्यानात घेऊन ‘गेनबिटकॉइन’ प्रकरण पाहा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत अमित भारद्वाज आणि त्याच्या साथीदारांनी मायनिंगच्या नावावर लोकांकडून बिटकॉइन घेतले आणि दरमहा १० टक्के परतावा, तोही बिटकॉइनमध्ये, १८ महिने देण्याचं आश्वासन दिलं, असा आरोप आहे. पुढे बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचं स्वतःचंच, फार कमी किमतीचं नाणं लोकांच्या हाती ठेवलं गेलं. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये तो वारला. तपास सीबीआयकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभर ६० ठिकाणी झडत्या झाल्या. त्यात पुणे, कोल्हापूर आणि नांदेडही होतं.

पोलिसांची वाट न बघताही शंका घेता आली असती. जानेवारी २०१६ मध्ये पैसे घातलेल्या माणसाचे १८ महिने धरा. जुलै २०१६ मध्ये बक्षीस २५ वरून १२.५ वर आलं. जुलै २०१७ पर्यंत डिफिकल्टी सहा पटींहून जास्त वाढली. म्हणजे फी सोडली तर तेच मशीन शेवटी सुरुवातीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी बिटकॉइन काढत होतं. मग पहिल्या महिन्यात १० टक्के आणि अठराव्यातही १०, हे मायनिंगमधून येणार कुठून? या मंडळींचा ‘जीबीमायनर्स’ नावाचा पूल खरंच होता, तो ब्लॉकही काढत होता. त्यामुळे ‘अहो, पूल तर खरा आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवून चालत नाही.

आता फोनबद्दल. मोबाईलवर बिटकॉइन मायनिंग करून कमाई होत नाही. त्याला खास मशिनी लागतात. फोनवरच मायनिंग करणाऱ्या ॲप्सना गुगल प्ले स्टोअरने २०१८ पासूनच मनाई केली आहे. दुसरीकडे चालणारं मायनिंग फक्त दाखवणारी ॲप चालतात. तुमचं ॲप तसं असेल तर त्यांना विचारा, पूल कोणता आणि या आठवड्यात कोणते ब्लॉक काढले? खऱ्या ब्लॉकचा नंबर कुणालाही ब्लॉकचेनवर फुकट तपासता येतो, आणि मोठे पूल ब्लॉकमध्ये आपली खूणही ठेवतात. नंबर मिळाला तर तपासा. ‘आधी ५००० भरून प्रीमियम घ्या’ असं उत्तर आलं तर ॲप काढून टाका, आणि पैसे आधीच गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.