कॅम कुठला घेऊ?

मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या एका मित्राने सेकंडहँड हार्ले घेतली. २००९ ची, ट्विन कॅम ९६ इंजिनवाली. तिसऱ्याच दिवशी त्याचा मेल आला. सब्जेक्ट लाइन: "कॅम कुठला घेऊ?" खाली तीन डायनो चार्ट. प्रत्येक चार्टवर एक लाल रेघ उजवीकडे वर वर चढत गेलेली आणि टोकाला ठळक अक्षरात हॉर्सपॉवरचा आकडा. ज्याचा आकडा सगळ्यांत मोठा, त्यावर साहेबांनी आधीच बोट ठेवलेलं होतं. मला विचारणं ही केवळ औपचारिकता.

उत्तर लिहायला बसलो आणि ते लांबतच गेलं. म्हटलं, शनिवार आहे, सविस्तरच लिहू. कारण हीच चूक मी आयुष्यात एकदा नाही, दोनदा केलेली आहे, आणि दोन्ही वेळा स्वतःच्या पैशाने.

पहिली चूक पुण्यातली. इंजिनिअरिंगला असताना माझ्याकडे जुनी यामाहा आरएक्स १०० होती. ही टू-स्ट्रोक, म्हणजे हिच्यात कॅमशाफ्ट नसतोच. सिलिंडरच्या भिंतीत भोकं असतात (त्यांना पोर्ट म्हणायचं) आणि पिस्टन वर-खाली होताना तीच उघडतात, मिटतात. ते एक्झॉस्टचं भोक घासून थोडं वर नेलं की गाडी पळते, असं हॉस्टेलवर सगळ्यांना माहीत होतं. नाना पेठेतल्या एका गॅरेजात मीही ते करून घेतलं. मोकळ्या रस्त्यावर, वरच्या आरपीएमला, गाडी अशी काही सुटायची की विचारू नका!

मग एका रविवारी मित्राला मागे बसवून सिंहगडाचा घाट चढायला घेतला. वळणावर वेग उतरला की गाडी गपगार. क्लच दाबून रेस करा, सोडा, पुन्हा गपगार. शेवटी मित्र उतरून चालत आला आणि वर पोचल्यावर माझ्याशी धड बोलला नाही. सोमवारी गॅरेजात तक्रार घेऊन गेलो तर मिस्त्री शांतपणे म्हणाले, "अरे, तुला वरचं पाहिजे होतं ना? मग खालचं जाणारच."

हे वाक्य मी तेव्हाच कुठेतरी कोरून ठेवायला हवं होतं. नाही ठेवलं. असो.

दुसरी चूक सांगण्याआधी कॅम म्हणजे काय ते थोडक्यात. (ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन परिच्छेद ओलांडावेत.) फोर-स्ट्रोक इंजिनात हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे व्हॉल्व्ह असतात. ते कधी उघडायचे, किती उघडायचे आणि कधी मिटायचे, हे ठरवणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. त्याच्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात. क्रँकच्या दोन फेऱ्यांत याची एक फेरी होते. हार्लेच्या १९९९ ते २०१६ मधल्या मोठ्या इंजिनात असे दोन कॅम, पुढच्या सिलिंडरला एक, मागच्याला एक. म्हणूनच नाव ट्विन कॅम. २०१७ च्या मॉडेल्सपासून मिलवॉकी-एट आलं, त्यात पुन्हा एकच कॅम, पण प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह.

कॅमच्या जाहिरातीत मिरवतात ती लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो ते. एस अँड एसच्या ५१०, ५५१, ५८५ या नावांमागे हेच आहे, इंचाचे हजारांश भाग. पण माझ्या मते कॅमचा स्वभाव ठरवणारा सगळ्यांत महत्त्वाचा आकडा दुसराच आहे, आणि तो कोपऱ्यात बारीक अक्षरात असतो: आत घेणारा व्हॉल्व्ह मिटतो कधी.

म्हणजे बघा. पिस्टन खाली जाताना हवा आत ओढतो, तळ गाठतो आणि वर यायला लागतो. व्हॉल्व्ह मात्र तळ गाठल्यावरही काही अंश उघडाच असतो. का? तर मुंबईची एसी लोकल डोळ्यासमोर आणा. संध्याकाळी सहाला दादरला डबा भरलेला असतो, तरी मागचा लोंढा ढकलतच असतो. दार दोन सेकंद जास्त उघडं ठेवलं तर आणखी दहा जण आत येतील. वरच्या आरपीएमला हवेचं हेच होतं. तिला वेग असतो, त्या वेगाने ती पिस्टन वर येत असतानाही आत घुसते. आता तेच दार दुपारी दोनला जास्त वेळ उघडं ठेवा. नवीन कोणी येत नाही, उलट आतली थंड हवा बाहेर जाते. खालच्या आरपीएमला अगदी तेच. हवेला जोर नाही, पिस्टन वर येतोय, व्हॉल्व्ह उघडा... आत आलेली हवा परत बाहेर! जेवढी हवा कमी, तेवढा दाब कमी, तेवढा टॉर्क कमी.

म्हणजे उशिरा मिटणारा कॅम वरचं देतो आणि खालचं नेतो. मिस्त्रींनी सांगितलं होतं तेच.

तर दुसरी चूक. मी डेन्व्हरला राहतो, गाडी २००८ ची रोड किंग, तेच ९६ क्युबिक इंचाचं, म्हणजे १५८४ सीसीचं इंजिन. वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. घेतल्यावर वर्षभरात मला खाज सुटली. सगळ्यांत मोठ्या आकड्याचा कॅम मागवला, एका गॅरेजमधे बसवून घेतला. कॅमची किंमत जेमतेम चारशे डॉलर, पण बेअरिंग, गॅस्केट, पुशरॉड, मजुरी आणि ट्यूनिंग धरून बिल दीड हजाराच्या वर. डायनोवर आकडा मात्र झकास आला. मी त्या चार्टची प्रिंट क्यूबिकलमधे लावली होती. हसू नका.

पुढच्या शनिवारी बायकोला मागे बसवून आय-७० ने पश्चिमेला निघालो. जॉर्जटाउननंतर रस्ता आयझेनहॉवर बोगद्याकडे चढत जातो. बोगदा ११,१५८ फुटांवर. पुढे एक ट्रक हळू झाला, मीही झालो, मग लेन बदलून थ्रॉटल पिळला आणि... काही नाही. गाडी घुसमटल्यासारखी थरथरली. पाचवा, मग चौथा, तेव्हा कुठे आवाज आला आणि पाठोपाठ ओढ. तोवर मागचा ट्रक आरशात चांगलाच मोठा झाला होता. बायकोने खांदा घट्ट धरला होता. हे त्या दिवशी तीनदा झालं. घरी आल्यावर ती भांडली नाही, फक्त पुढच्या वेळी म्हणाली, "तू हो पुढे, मी कारने येते." भांडली असती तर बरं झालं असतं.

त्यात उंचीची भर. डेन्व्हरला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ८३ टक्क्यांच्या आसपास, बोगद्यापाशी साधारण दोन तृतीयांश. मुळातच हवा विरळ, त्यात असलेलीही परत बाहेर ढकलणारा कॅम. वर माझ्या इंजिनचं कॉम्प्रेशन कंपनीचंच, ९.२. उशिरा मिटणाऱ्या कॅमबरोबर कॉम्प्रेशन वाढवावं लागतं, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. खरं तर सांगितलं असणार, मी आकडा बघत होतो.

आता थोडं गणित, त्याशिवाय आम्हा लोकांना चैन पडत नाही. हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क (पाउंड-फूट) गुणिले आरपीएम, भागिले ५२५२. समजा 'अ' कॅम २७०० ला ९० टॉर्क देतो आणि ५२०० ला उतरून ७४. 'ब' कॅम २७०० ला ७६ देतो, पण ५४०० ला ८४. हिशोब करा. जाहिरातीत येणार अ चे ७३ आणि ब चे ८६ हॉर्सपॉवर. ब एकदम हिरो! पण सहाव्या गिअरमधे हायवेवर २७०० ला असताना अ कडे ४६ आहेत आणि ब कडे ३९. ट्रकच्या पुढे जायचंय तेव्हा तुमच्या खिशात हे पैसे आहेत. ते ८६ बँकेत मुदत ठेवीत आहेत, आधी दोन गिअर मोडायला लागतील.

मग मी ते केलं जे नोकरीत रोज ज्युनिअर पोरांना सांगतो: आधी मोजा, मग ऑप्टिमाइझ करा. कुठला कोड हळू आहे ते प्रोफायलर न लावता ठरवणाऱ्यांना मी मीटिंगमधे फाडून खातो, आणि गाडीच्या बाबतीत स्वतः तेच केलं होतं. ट्यूनिंगच्या डबीतून दोन शनिवार-रविवारांचा डेटा काढला, छोटी स्क्रिप्ट लिहून आरपीएमचा हिस्टोग्राम काढला. जवळजवळ सगळा वेळ २२०० ते ३२०० च्या मधे. ४५०० च्या वर मी गेलो होतो ते फक्त एका रॅम्पवर, काही सेकंद. म्हणजे मी दीड हजार डॉलर ज्या फंक्शनवर खर्च केले, ते माझ्या प्रोग्राममधे जवळजवळ कॉलच होत नव्हतं!

सहा महिन्यांनी तो कॅम काढून लवकर मिटणारा, साधा, टॉर्कवाला कॅम बसवला. पुन्हा मजुरी, पुन्हा ट्यूनिंग. डायनोचा आकडा दहा-बाराने घसरला. प्रिंट मी क्यूबिकलमधून आधीच काढली होती.

तर मित्रासाठी आणि इतरांसाठी माझे ठोकताळे. एक, कॉम्प्रेशन कंपनीचंच ठेवणार असाल तर आतला व्हॉल्व्ह तळानंतर तिशीच्या आतबाहेर मिटणारा कॅम बघा (हे अंश हार्लेच्या जगात ०.०५३ इंच लिफ्टला मोजतात, तुलना करताना तेवढं तपासा). चाळिशीच्या पुढचे कॅम वाढवलेल्या कॉम्प्रेशनसाठी. दोन, मूळ स्प्रिंगना किती लिफ्ट झेपते ते कॅम बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात वाचा, अंदाजाने घेऊ नका. तीन, आत हात घालताच आहात तर आतली बेअरिंग बदला. जुन्या ट्विन कॅममधे, म्हणजे २००६ पर्यंतच्या बहुतेक गाड्यांत, चेन ताणणारे स्प्रिंगवाले टेन्शनर झिजतात. ते बघणं कॅमपेक्षा जास्त महत्त्वाचं. चार, ट्यूनिंगचा खर्च आधीच धरा. इंजिनचा कॉम्प्युटर किती हवा आली ते एका तक्त्यावरून ठरवतो. कॅम बदलला की तो तक्ताच खोटा ठरतो.

आणि पाच, कायदा. प्रदूषणाच्या नियमांची थट्टा करू नका. २०१६ मधे खुद्द हार्लेने ट्यूनर विकण्याच्या प्रकरणात अमेरिकी सरकारबरोबर १ कोटी २० लाख डॉलर दंडावर तडजोड केली. तुमच्या राज्यात काय चालतं ते आधी विचारा.

आता कोणी म्हणेल, मग मोठे कॅम बनवतातच कशाला? बनवतात, कारण त्यांचंही गिऱ्हाईक आहे. कोणी इंजिन मोठं करून, कॉम्प्रेशन वाढवून, हलकी गाडी खरोखरच पाच हजारांवर पळवतो. त्याच्या हिस्टोग्रामला तो कॅम शोभतो. कोणाला आवाज हवा असतो. एकाच क्रँकपिनवर ४५ अंशात दोन सिलिंडर, त्यामुळे स्फोटांमधलं अंतर ३१५ आणि ४०५ अंश, त्यातून तो लंगडता ठेका. मोठ्या कॅमने तो आणखी लंगडतो. याच आवाजाचा ट्रेडमार्क मिळावा म्हणून हार्लेने १९९४ मधे अर्ज केला होता, २००० मधे मागे घेतला. आवाजासाठी कॅम घेणं मला मूर्खपणा वाटत नाही. फक्त आवाज विकत घेतोय हे स्वतःला माहीत असावं, त्याला 'परफॉर्मन्स' म्हणू नये.

माझा आक्षेप मोठ्या कॅमला नाहीच. आक्षेप आहे तो दुसऱ्याच्या ग्राफच्या टोकावरचा आकडा स्वतःची गरज समजण्याला. आपण फोन असेच घेतो, लॅपटॉप असेच घेतो, आणि कधीकधी नोकऱ्याही.

नवा कॅम बसवल्यावर पहिल्यांदा एकटाच बोगद्यापर्यंत जाऊन आलो. सहाव्यात नाही, पण पाचव्यात गाडी कुरकुर न करता चढली. त्यानंतर दोन-तीन रविवार गेले आणि एका सकाळी बायको हेल्मेट घेऊन खाली आली. परत येताना एवढंच म्हणाली, "आज गिअर कमी बदललेस ना?" कुठल्याही डायनोने मला इतका चांगला रिपोर्ट दिलेला नाही.

मित्राला यातलं बरंचसं लिहून पाठवलं. शेवटी लिहिलं, आधी दोन शनिवार-रविवार आहे तशी गाडी चालव, लॉग काढ, मग कॅमचं बोलू.

पाच मिनिटांत उत्तर आलं: "ते सगळं ठीक आहे रे, पण त्या तिसऱ्याचा आवाज ऐकलास का?"

ज्याचे त्याचे भोग.