हिरकणीची वाट कोणी बंद केली?

बोरीवली पूर्वेला राहणाऱ्यांचा सूर्य डोंगराआडून उगवतो. कुलुपवाडीपासून मागाठाण्यापर्यंत कोणत्याही इमारतीच्या गच्चीवर जाऊन पूर्वेकडे पाहावे. दोन-चार उंच इमारतींच्या फटीतून का होईना, हिरवी-करडी डोंगररांग दिसतेच. गेल्या पावसाळ्यात आमच्या परिचयाच्या एका महाविद्यालयात मराठीच्या विद्यार्थ्यांना आम्ही 'मी पाहिलेला डोंगर' या विषयावर दोन पाने लिहायला सांगितली. बहुतेकांनी रायगड लिहिला, राजगड लिहिला, हरिहरच्या पायऱ्या लिहिल्या. एकाने कळसूबाई लिहिली, पण 'महाराष्ट्राचे एव्हरेस्ट' या ठरीव विशेषणापलीकडे त्याची लेखणी गेली नाही. वर्गाच्या खिडकीतून समोर दिसणाऱ्या डोंगरावर मात्र कोणी एक वाक्यही लिहिले नव्हते. कारण विचारले तेव्हा एक विद्यार्थिनी अगदी निरागसपणे म्हणाली, "तो डोंगर नाही, सर. तो नॅशनल पार्क आहे."

या उत्तराचा दोष त्या मुलीकडे जात नाही. तो आपल्या वाङ्मयाकडे जातो, आणि त्याविषयीच आम्हांला काही कठोर बोलायचे आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : मराठीत डोंगरावर विपुल लिहिले गेले आहे असा आपला समज आहे, परंतु प्रत्यक्षात आपण किल्ल्यांवर लिहिले आहे. डोंगर हा आपल्या गद्यात किल्ल्याचा चौथरा म्हणून येतो. ज्या शिखरावर तट नाही, बुरूज नाही, ज्या धारेवर कोणती लढाई झाली नाही, ती शिखरे आणि त्या धारा मराठी वाङ्मयाच्या नकाशावर जवळजवळ नाहीतच.

पुस्तकांची नुसती शीर्षके पाहिली तरी हे ध्यानात येते. प्र. के. घाणेकरांच्या एका लोकप्रिय पुस्तकाचे नाव 'साद सह्याद्रीची! भटकंती किल्ल्यांची!' असे आहे. साद सह्याद्रीने घालायची आणि भटकंती मात्र किल्ल्यांची करायची! मिलिंद गुणाजींच्या पुस्तकाचे नाव 'माझी मुलुखगिरी'. मुलुखगिरी हा शब्द मुळात परमुलखावरील स्वारीचा आहे, हे भाषेच्या अभ्यासकांना सांगायला नको. या लेखकांच्या परिश्रमांविषयी आम्हांला आदर आहे. हजारो तरुणांना त्यांनी घराबाहेर काढले. प्रश्न त्या शब्दसंपत्तीचा आहे. आपण शिखर 'सर' करतो, 'मोहीम' आखतो, 'चढाई' करतो, सुळका 'काबीज' करतो. शनिवारी रात्री कसारा लोकल पकडून रविवारी संध्याकाळी परतणारा एखादा कारकून आपल्या दोन दिवसांच्या चालण्याचे वर्णन सरदाराच्या भाषेत करतो, आणि त्यात आपल्याला काहीच विसंगत वाटत नाही.

किल्ल्याची नजर ही मुळात संरक्षणाची नजर असते. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त दुर्गांचे प्रकरण आहे. दुर्गाच्या जवळ दुसरा उंच डोंगर असू नये, असल्यास तो सुरुंग लावून मोडावा किंवा आपल्या आहारी आणावा, अशा आशयाचा उपदेश तेथे केलेला आहे. राज्यकर्त्याच्या दृष्टीने तो योग्यच होता, कारण शेजारच्या शिखरावर शत्रूच्या तोफा चढल्या तर दुर्ग पडतो. पण तीनशे वर्षांनंतर, तोफा गंजून गेल्यावरही, आपले प्रवासवर्णनकार शेजारच्या शिखराकडे त्याच नजरेने पाहतात. त्यांच्या लेखी ते निनावी असते; किल्ल्यावरून दिसणारा 'परिसर' एवढीच त्याची ओळख उरते.

एक उदाहरण घेऊ. रतनगडाहून कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाणारी वाट अनेकांनी चालली आहे आणि तिच्यावर अनेकांनी लिहिले आहे. दोन्ही टोकांच्या गडांवर प्रत्येकी चार पाने असतात : दरवाजे, टाकी, नेढे, कोकणकडा. मधल्या वाटेला एक वाक्य मिळते : 'वाटेत दोन-तीन लहान गावे लागली.' त्या गावांना कुमशेत, पाचनई अशी नावे आहेत. तेथे महादेव कोळी आणि ठाकर राहतात. शेजारी आजोबा डोंगर उभा आहे, पलीकडे घनचक्कर आणि मुडा आहेत. ही शिखरे राज्यातील उंच शिखरांत गणली जातात, पण त्यांच्यावर किल्ला नाही. म्हणून त्यांच्यावर पानही नाही.

येथे कोणी गो. नी. दांडेकरांचे नाव घेईल. अवश्य घ्यावे; आमचा युक्तिवाद त्यांच्या नावानेच पुढे जातो. गोनीदांनी 'दुर्गभ्रमणगाथा' लिहिली हे खरे. पण मुंबईहून परतून राजमाचीच्या माचीवर एकट्याने राहू लागलेल्या म्हाताऱ्या ठाकराची 'माचीवरला बुधा' ही कादंबरीही त्यांनीच लिहिली. 'जैत रे जैत'मधला लिंगोबाचा डोंगर हा किल्ला म्हणून येत नाही. तो ठाकरांचा देव आहे आणि त्याच्या कड्यावर मधमाश्यांची पोळी आहेत. गोनीदांच्या ठायी दुर्ग आणि डोंगर दोन्ही होते. त्यांच्या वारसदारांनी यातला गाथेचा वारसा उचलला आणि बुधाला माचीवरच सोडून दिले. विदर्भातल्या अरण्याच्या बाबतीत असे झाले नाही. तेथे मारुती चितमपल्लींनी आदिवासींच्या तोंडचे शब्द मराठी गद्यात आणून रुजवले. सह्याद्रीच्या धारेला असा चितमपल्ली अद्याप भेटायचा आहे.

कोणी म्हणेल, शब्दांनी एवढे काय होते? शब्दांनी पुष्कळ होते. डोंगरात राहणाऱ्यांची भाषा ऐकली तर एक वेगळाच कोश उघडतो. शिखरापासून खाली उतरत जाणारी रांग ती सोंड. दोन्ही बाजूंना उतार असलेला अरुंद माथा ती धार. कड्याच्या मध्यावर आडवी पसरलेली सपाटी तो पदर. घाटमाथ्यावरून कोकणात कोसळणारी चिंचोळी उतरण ती नाळ. कातळातले आरपार भोक ते नेढे, म्हणजे सुईचे असते तेच. ओलांडायची जागा ती खिंड, आणि नाशिककडे बारी. कळसूबाईच्या पायथ्याच्या गावाचे नावच बारी आहे. हे शब्द देहातून आणि घरातून आलेले आहेत. शिखरांची नावेही तशीच : आजोबा, कळसूबाई, कात्राबाई. आसनगावजवळ माहुलीचे सुळके पाहावेत. तेथे नवरा आहे, नवरी आहे आणि लग्न लावायला भटजीही आहे. या लोकांनी डोंगराशी नाते लावले, आणि आपण त्याच्यावर स्वारी केली.

आता या शब्दांचे काय झाले ते पाहा. आजच्या मराठी लेखात 'रिज', 'ट्रॅव्हर्स', 'एक्स्पोजर', 'बेस व्हिलेज', 'समिट' असे शब्द सर्रास येतात. आम्ही इंग्रजीचे शत्रू नाही. पण धार आणि सोंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींना 'रिज' म्हणणारा लेखक एक भेद कायमचा पुसून टाकतो. गंमत अशी की इंग्रजांनी मात्र आपल्या पायवाटेचा शब्द उचलून सबंध पर्वताला दिला : घाट म्हणजे चढून जाण्याची वाट, आणि तिच्यावरून 'वेस्टर्न घाट्स'. आणि याच मुंबईत 'घाटी' हा शब्द शिवीसारखा वापरला गेला!

हिरकणीची कथा आपण सर्वांनी शाळेत वाचली. दूध विकायला रायगडावर गेलेली गवळण, बंद झालेले दरवाजे, घरी तान्हे मूल, आणि अंधारात कडा उतरून गेलेली आई. या आख्यायिकेचा शेवट आपण किती सहज स्वीकारला आहे! महाराजांनी तिचा गौरव केला आणि ती जेथून उतरली तेथे बुरूज बांधला. म्हणजेच ती वाट बंद केली. राज्यकर्त्याला ते करणे भागच होते. पण वाङ्मयाला भाग नव्हते. हिरकणीला तो कडा कसा ठाऊक होता? पाय कोठे टेकतो, कातळ कोठे निसरडा आहे, झुडूप कोठे हाताला येते, हे ज्ञान तिला कोठून मिळाले? आपल्या पाठ्यपुस्तकांना तिचे मातृत्व दिसले, तिचे डोंगराचे ज्ञान दिसले नाही. मराठी गद्याने हिरकणीच्या वाटेवर दुसरा बुरूज बांधला तो हा.

आता पुन्हा बोरीवलीकडे येऊ, कारण हा सारा प्रश्न आमच्या खिडकीसमोरच उभा आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील सर्वोच्च जागा समुद्रसपाटीपासून ४६८ मीटर उंच आहे. तिला जांभूळमाळ असे नाव आहे. पण 'हायेस्ट पॉइंट' म्हटले की सर्वांचे काम भागते. त्याच रांगेत कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. तेथील प्राकृत शिलालेखांत कल्याण, सोपारा येथील दात्यांनी लेण्यांबरोबर पाण्याच्या 'पोढी' दान दिल्याच्या नोंदी आहेत. डोंगर चालून आलेल्या माणसाला आधी पाणी लागते, हे त्या दात्यांना ठाऊक होते. म्हणजे या डोंगरावरचे सर्वांत जुने लेखन तहान ओळखणारे आहे.

याच डोंगरात वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे आहेत. १९९५ साली दाखल झालेल्या एका याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला, तेव्हा झोपडपट्ट्यांबरोबर पाड्यांचेही अस्तित्व प्रश्नांकित झाले. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याच्या नियमांत दाव्यासाठी कागदपत्रांइतकेच वडीलधाऱ्यांच्या लेखी घेतलेल्या जबाबालाही पुराव्याचे स्थान दिले आहे. याचा अर्थ साहित्याच्या विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावा. कोणत्या टेकाडाला काय म्हणतात, कोणत्या ओहळावर कोणाचा देव आहे, हे एखाद्या म्हातारीने सांगणे आणि कोणीतरी ते लिहून घेणे, ही केवळ हौस राहत नाही. ती हक्काची बाब होते. आणि लिहून घेणारे आम्ही-तुम्ही त्याच रविवारी रायगडावर घोषणा देत असतो.

जुलै २०२४ मध्ये ठाणे-बोरीवली जुळ्या बोगद्याचे भूमिपूजन झाले. सुमारे ११.८ किलोमीटरच्या या रस्त्याचा मोठा भाग याच डोंगराखालून जाणार आहे. बोगदा असावा की नसावा, हा वाद आम्ही येथे काढत नाही. पण या योजनेच्या वर्णनांत डोंगर येतो तो दोन शहरांमधला अडथळा म्हणून, हे मात्र नोंदवतो. किल्ल्याच्या गद्यात तो चौथरा होता, योजनेच्या गद्यात अडथळा झाला. डोंगराला नाव दोन्हीकडे नाही. बिननावाचा डोंगर पोखरताना कोणालाही क्षणभर थांबावे लागत नाही.

आमच्यावर येणारा मुख्य आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. किल्ले ही महाराष्ट्राची अस्मिता आहे. तुम्ही शिवकालाला उणे लेखता. मुळीच नाही. शिवकालाचा खरा आदर करायचा तर मावळ्यांच्या पायांचा करावा लागेल. १६७० मध्ये तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला तो कडा चढू शकणाऱ्या माणसांच्या बळावर. किल्ला ज्या ज्ञानामुळे उभा राहिला आणि घेतला गेला, ते ज्ञान धारांचे, नाळांचे आणि खिंडींचे होते. तट आठवायचे आणि ते ज्ञान विसरायचे, याला इतिहासप्रेम म्हणत नाहीत. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्याचा आनंद आम्हांलाही झाला. परंतु २०१२ मध्येच पश्चिम घाट त्या यादीत गेला होता, आणि त्यात कास, कोयना, चांदोली, राधानगरी हे आपले प्रदेश होते. ते वर्ष आपल्यापैकी किती जणांना आठवते?

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे : तुम्हीही शहरातलेच, तुमचे डोंगरप्रेमही रविवारचेच. हे खरे आहे. विशीत आम्हीही 'अमुक गड सर केला' असे लेख लिहिले आहेत, आणि ज्याने वाट दाखवली त्या कुमशेतच्या माणसाला त्या लेखात 'एक वाटाड्या' एवढेच म्हटले आहे. त्याने दोन दिवस प्रत्येक घळीचे नाव सांगितले होते. आम्ही एकही टिपले नाही. टाक्यांची संख्या मात्र बिनचूक टिपली होती. हा लेख लिहिताना ती नावे आठवण्याचा प्रयत्न केला. एकही आठवले नाही. प्रस्तुत लेखातला राग काही अंशी स्वतःवरचाच आहे, हे मान्य करायला आम्हांला संकोच वाटत नाही.

म्हणून मराठीच्या प्राध्यापकांना आमची विनंती अगदी साधी आहे. पुढच्या वर्षी प्रवासवर्णन शिकवताना विद्यार्थ्यांना एक काम द्यावे. किल्ला नसलेल्या एखाद्या डोंगरावर, परवानगी घेऊन, तेथल्याच माणसाबरोबर एक दिवस चालावे. 'सर', 'मोहीम', 'काबीज' हे शब्द वर्ज्य. सोबतच्या माणसाने सांगितलेली सगळी नावे, त्याच्या उच्चारांसह, लिहून आणावीत, आणि ती सांगणाऱ्याचेही नाव, त्याची हरकत नसल्यास, लिहावे. बोरीवलीकरांना तर त्यासाठी लोकलही पकडावी लागणार नाही.

ज्या मुलीने 'तो डोंगर नाही' असे सांगितले, तिला आम्ही जांभूळमाळ हे नाव सांगितले. ती म्हणाली, "तिथे जांभळं असतील का अजून?" आम्हांला उत्तर देता आले नाही. पण त्या वर्गात डोंगराविषयी विचारला गेलेला तो पहिला प्रश्न होता.