बुडालेल्या हंगामाची किंमत कोणी मोजायची?

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच होता. बहुतेकांच्या लेखी हा निव्वळ योगायोग. तमाशाच्या धंद्यात मात्र पाडवा हा वर्षाच्या जमाखर्चाचा कणा असतो. दसऱ्याला बाहेर पडलेला फड बुद्धपौर्णिमेपर्यंत गावोगाव फिरतो; पण त्याची खरी कमाई होते ती चैत्र-वैशाखातील जत्रांत. त्यासाठी जुन्नर तालुक्यातील नारायणगावी फडमालकांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पंच तेथे येतात आणि जत्रेच्या सुपाऱ्या ठरतात. आष्टी तालुक्यातील सावरगावी मच्छिंद्रनाथांची यात्राही याच पाडव्याच्या मुहूर्तावर भरते. २०२० साली हे सारे एका रात्रीत थांबले. २०२१ च्या एप्रिलात दुसरी लाट आली आणि सलग दुसरा चैत्रही तसाच गेला.

महासाथ ओसरून आता काही वर्षे लोटली आहेत. दुकाने उघडली, कारखाने सुरू झाले, नाट्यगृहांच्या दारांवर पुन्हा फलक लागले. त्यामुळे तो विषय संपला, अशी सर्वांची सोयीस्कर समजूत झाली आहे. ज्या धंद्याचे भांडवलच व्याजाने आणलेले असते, त्याच्या बाबतीत मात्र संकट दार उघडल्याने संपत नाही. ते हिशेबाच्या वहीत शिल्लक राहते. म्हणून हा प्रश्न आज, डोके थंड ठेवून, पुन्हा मांडणे आवश्यक वाटते.

व्यावसायिक रंगभूमी म्हटली की सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांसमोर मुंबई-पुण्याची नाटके येतात. त्यांचे हाल झाले नाहीत असे नव्हे. राज्य सरकारने ५ नोव्हेंबर २०२० पासून निम्म्या आसनक्षमतेने नाट्यगृहे उघडू दिली, डिसेंबरात प्रयोग सुरू झाले, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा कुलपे लागली आणि ती निघाली २२ ऑक्टोबर २०२१ रोजी. निम्म्या प्रेक्षकांत नाटकाचा खर्च भागत नाही, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. नेपथ्य लावणारा, प्रकाशयोजना सांभाळणारा, कपडेपट पाहणारा रंगमंच कामगार प्रयोगागणिक पैसे घेणारा. प्रयोग नाही तर चूल नाही. तरीही या रंगभूमीला एक आवाज होता. तिच्या निर्मात्यांचा संघ होता, तिचे नामवंत नट वृत्तपत्रांतून बोलू शकत होते आणि पदरचे पैसे काढून आपल्या कामगारांना हातभारही लावू शकत होते.

बीड जिल्ह्यातील सामान्य माणसाची रंगभूमी ही नव्हे. मुंबईच्या नाटकमंडळींच्या दौऱ्यांत बीडचे नाव क्वचितच असते. केज, पाटोदा, शिरूर, आष्टीच्या खेड्यांत तिकीट काढून वा वर्गणी करून जो खेळ पाहिला जातो तो तमाशाचा. मोठ्या फडात शे-सव्वाशे माणसे असतात. ढोलकीवाला, सोंगाड्या, नाचणाऱ्या स्त्रिया यांच्याबरोबर तंबू ठोकणारे, आचारी, वाहनचालक आणि त्यांच्या मागे गावाकडची कुटुंबे. म्हाताऱ्या आईबापांपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांचा भार त्या एका हंगामावर. फड हे एक फिरते खेडेच आहे, आणि त्यातील बहुसंख्य माणसे भूमिहीन, दलित व भटक्या जातींतील आहेत.

या धंद्याचे अर्थकारण बीडच्या वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही, कारण ऊसतोडीचे अर्थकारण त्याने घरात पाहिलेले आहे. कोयता घेऊन निघणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते; फडावर चढणारी कलावंत स्त्री मालकाकडून उचल घेते. ऊसतोडीचा मुकादम कारखान्याकडून पैसा आणतो, तर फडमालक खाजगी सावकाराकडून. पावसाळ्याचे चार महिने ती उचल खाऊन काढायचे आणि मग हंगामभर नाचून-गाऊन ती फेडायची. हंगाम चांगला गेला तर फिटते, बुडाला तर पुढच्या वर्षाच्या उचलीत मिसळते. मार्च २०२० मध्ये हे सारे चक्र मधोमध तुटले. फेड नाही, पण व्याज चालू. खेळ नाही, पण पोट चालू. फडमालक सावकाराच्या दारात अडकला आणि कलावंत मालकाच्या वहीत.

ऊसतोड मजुरांची आठवण येथे आणखी एका कारणाने होते. त्या एप्रिलात लाखाहून अधिक मजूर पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले होते. ओरड झाली आणि सरकारला त्यांना गावी परतण्याची मुभा द्यावी लागली. मतांच्या हिशेबात ऊसतोड मजूर मोजला जातो. बीडचे राजकारण त्याच्याशिवाय चालत नाही. फडावरची स्त्री कोणाच्याच मतदारसंघात मोजली जात नाही. हंगामात ती गावात नसते आणि हंगाम नसतो तेव्हा ती गावाला नको असते.

आता सरकारने काय केले ते पाहू. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते लांबणीवर टाकण्याची सवलत दिली आणि ती पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढविली. ही सवलत बँकांच्या कर्जदारांना होती. सावकाराच्या वहीला रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक लागू होत नाही. मे महिन्यात केंद्राने लघुउद्योगांसाठी ३ लाख कोटी रुपयांची कर्जहमी जाहीर केली. तिचा नियम असा, की २९ फेब्रुवारी २०२० रोजी ज्याच्या नावावर बँकेचे जितके कर्ज थकीत असेल त्याच्या २० टक्के नवे कर्ज मिळावे. ज्या फडाला बँकेने कधी दारातच उभे केले नाही त्याचे थकीत कर्ज शून्य, आणि शून्याचे २० टक्के शून्यच. ज्याला आधीपासून पत आहे त्यालाच आणखी पत द्यायची, हा आपल्या अर्थव्यवस्थेचा जुनाच न्याय संकटकाळातही अबाधित राहिला. १ जून २०२० पासून फेरीवाल्यांना विनातारण १०,००० रुपयांचे कर्ज देण्याची योजना आली, हे चांगलेच झाले. पण तिच्यावरून हेही सिद्ध झाले की इच्छा असेल तर विनातारण पत देता येते.

राज्य सरकारने २०२१ मध्ये सुमारे ५६,००० कलावंतांना प्रत्येकी ५,००० रुपयांची एकरकमी मदत जाहीर केली. तमाशाच्या जत्रा बंद पडल्यापासून निर्बंध पूर्णपणे उठेपर्यंत दोन वर्षे गेली. भागाकार केला तर ही मदत दिवसाला सात रुपयेही होत नाही. या मदतीमागील सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु तिला पुनर्वसन म्हणणे ही भाषेची थट्टा होईल. ब्रिटनच्या सरकारने जुलै २०२० मध्ये आपल्या सांस्कृतिक संस्थांसाठी १५७ कोटी पौंडांचा निधी उभा केला. तो देश श्रीमंत आहे, हे खरे. पण प्रश्न केवळ रकमेचा नाही, दृष्टीचा आहे. तेथे रंगभूमी हा रोजगार देणारा व्यवसाय मानून त्याचा विचार झाला; आपल्याकडे कलावंत हा दानास पात्र असलेला गरीब मानला गेला.

येथे काही आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा, की साथीत गर्दी टाळणे भागच होते. आम्हांलाही ते मान्य आहे. मे २०२१ मध्ये कांताबाई सातारकरांसारखी थोर कलावती कोरोनानेच हिरावून नेली. रोग फडालाही सोडत नव्हता. मात्र ज्या एप्रिलात जत्रा बंद होत्या त्याच एप्रिलात पंढरपूरच्या पोटनिवडणुकीच्या प्रचारसभा झाल्या, हेही लोकांनी पाहिले आहे. गर्दीचा धोका पुढाऱ्याच्या सभेत कमी आणि ढोलकीच्या तालावर जास्त, असे कोणत्याही वैद्यकशास्त्रात लिहिलेले नाही.

आणि बंदी सर्वस्वी न्याय्य होती असे धरले तरी मूळ मुद्दा उरतोच. बंदी सर्वांच्या हितासाठी होती, तर तिची किंमत सर्वांनी, म्हणजे सार्वजनिक तिजोरीने, उचलायला हवी होती. धरणासाठी किंवा रस्त्यासाठी जमीन घेतली तर २०१३ च्या कायद्याने मोबदला हा मालकाचा हक्क ठरतो. मग सार्वजनिक हितासाठी ज्याचा हंगाम घेतला त्याच्या पदरात मात्र मेहरबानी का पडावी? जमीन ही मालमत्ता आणि श्रम ही मालमत्ता नव्हे, असे तर यामागे गृहीत धरलेले नाही ना? शिवाय खेळाची रात्र साठवून ठेवता येत नाही. कापूस भाव येईपर्यंत घरात ठेवता येतो. चैत्रातली न झालेली बारी आषाढात विकता येत नाही.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठितांचा आहे: अश्लील नाचगाणे टिकविण्यासाठी सरकारने पैसा का द्यावा? हा आक्षेपही नवा नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच बाळासाहेब खेरांच्या सरकारने याच कारणाने तमाशावर बंदी घातली होती आणि ती टिकली नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख यांनी कामगारांना जागे करण्यासाठी हाच घाट वापरला. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकानेही वापरला. पुढे शहरी रंगभूमीने गण, गौळण, बतावणी उचलली आणि त्यावर टाळ्या मिळविल्या. ज्या विहिरीचे पाणी सर्वांनी भरून नेले ती आटत असताना ‘पाणी गढूळ होते’ असे म्हणणे कृतघ्नपणाचे आहे. आणि बायकांना अपमान सोसून नाचावे लागते ते प्रामुख्याने डोक्यावरच्या कर्जामुळे. ज्यांना खरोखर सभ्यतेची चाड असेल त्यांनी आधी उचलीचा फास सोडवावा.

विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला आणि अखेरचे दिवस ओढगस्तीत गेले. आज त्यांच्या नावाने राज्य सरकार पुरस्कार देते. वृद्ध कलावंतांचे मानधन २०२४ मध्ये दरमहा ५,००० रुपये झाले, हेही स्वागतार्ह आहे. परंतु पुरस्कार एकाला मिळतो आणि मानधन उतारवयात मिळते. ऐन उमेदीत, हंगाम बुडाल्यावर काय, याचे उत्तर या दोन्हींत नाही.

ते उत्तर महाराष्ट्राला परके नाही. १९६९ साली याच राज्याने माथाडी कामगारांसाठी कायदा केला. मालक रोज बदलतो अशा श्रमिकालाही मंडळामार्फत नोंदणी, मजुरीची हमी आणि भविष्यनिर्वाह निधी देता येतो, हे देशाला दाखवून दिले. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झाले व त्याच्या निधीसाठी टनामागे कारखान्याचे १० रुपये आणि सरकारचे तितकेच, अशी तरतूद ठरली. टाळेबंदीत बांधकाम मजुरांच्या खात्यात पैसे जाऊ शकले ते त्यांची मंडळात नोंद होती म्हणून. तोच मार्ग फिरत्या रंगभूमीसाठी का नसावा?

आमची मागणी त्रिविध आहे. फडातील प्रत्येक श्रमिकाची, मग तो रंगमंचावर असो वा तंबूच्या दोरीशी, वैधानिक मंडळात नोंदणी व्हावी आणि नाटकाचे रंगमंच कामगारही त्यातच यावेत. सहकारी वा राष्ट्रीयीकृत बँकेने हंगामापूर्वी फडांना सरकारी हमीवर खेळते भांडवल द्यावे, जसे शेतकऱ्याला पीककर्ज दिले जाते. आणि साथ, दुष्काळ वा निवडणूक यांपायी सरकारी आदेशाने खेळ बंद झाले तर त्या काळातील भरपाई हा मंडळातील नोंदणीकृत सदस्याचा हक्क असावा. यासोबत १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याच्या नजरेने या धंद्यातील उचलीची एकदा तपासणी झाली पाहिजे. त्या वहीत २०२० आणि २०२१ च्या व्याजाचे आकडे आजही असतील, तर ते माफ कसे व्हावेत याचा विचार फडमालकांनाही सोबत घेऊन करावा लागेल, कारण सावकारापुढे तेही ऋणकोच आहेत.

पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. मराठवाड्यातला दुष्काळ मात्र येणारच, आणि दुष्काळ पडला की गावे पहिली काट मारतात ती जत्रेच्या वर्गणीवर. त्या वर्षी पुन्हा शे-सव्वाशे माणसांचे ते फिरते खेडे रस्त्यावर येईल. तेव्हा दानपेटी शोधण्यापेक्षा आजच कायदा करणे हे स्वस्तही आहे आणि न्याय्यही.