तक्रार मातृभाषेत, उपचार परभाषेत

सेवेत असताना संथाळ परगण्यातील एका जिल्हा रुग्णालयात पाहिलेला केसपेपर अजून आठवतो. पक्षाघात झालेल्या एका वृद्ध संथाळ रुग्णाच्या नावापुढे ‘सूचना समजत नाहीत’ असा शेरा होता. सूचना हिंदीत दिल्या गेल्या होत्या. खाटेशेजारी बसलेल्या नातीने संथाळीत सांगताच आजोबांनी डावा हात वर केला. त्यांची समज शाबूत होती. कागदावर मात्र ती नष्ट झाली होती.

पक्षाघातातून वाचलेल्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांना वाचाघात होतो. मेंदूतील भाषेची केंद्रे दुखावल्याने शब्द सापडत नाहीत किंवा ऐकलेले उमगत नाही. अनेक भाषा येणाऱ्याच्या सर्व भाषा सारख्याच प्रमाणात परततील, असेही नसते. त्यामुळे बाजारापुरत्या हिंदीत घेतलेल्या तपासणीवरून संथाळी, मुंडारी वा कुडुख ही घरची भाषा असलेल्या रुग्णाचे निदान करणे अशास्त्रीय ठरते. चुकीच्या निदानामागोमाग वाचा-उपचार नाकारले जातात आणि घरातला कर्ता माणूस वेडगळ समजला जातो.

कायद्याची चौकट आपल्याकडे आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार कोणत्याही नागरिकाला देशात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत सरकारकडे गाऱ्हाणे मांडता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचाघातातून येणारे कायमचे अपंगत्व मान्य केले आहे. पक्षाघाताचा समावेश असलेला असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. पण रुग्णाची तपासणी कोणत्या भाषेत व्हावी, हा प्रश्न अजूनही त्या त्या वॉर्डाच्या मर्जीवर सोडलेला दिसतो. २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींची लोकसंख्या १० कोटींहून अधिक, म्हणजे ८.६ टक्के आहे. संथाळीला २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. मुंडारी, हो, कुडुख आणि आपल्या गडचिरोलीतही बोलली जाणारी गोंडी आजही त्याबाहेर आहेत.

प्रत्येक भाषेत वाचा-उपचारतज्ज्ञ कोठून आणायचा, असा आक्षेप प्रशासनातून येईल. तो खरा आहे, परंतु निर्णायक नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात काही रुग्णालयांनी कर्मचाऱ्यांना आदिवासी संस्कृतीचे प्रशिक्षण देऊन रुग्ण व कुटुंबाच्या सोबतीला आदिवासी समन्वयक नेमण्याचा प्रयोग केला. आपल्याकडेही तज्ज्ञासोबत प्रशिक्षित द्विभाषिक सहायक बसू शकतो. झारखंडमध्ये ‘सहिया’ म्हणून ओळखली जाणारी आशा कार्यकर्ती गावातलीच असते. घरी परतलेल्या रुग्णाचा सराव ती पुढे चालवू शकेल. सरावासाठी दाखवायची चित्रे आगगाडी-विमानाची नसून साल वृक्षाची, मोहाची, आठवडी हाटाची असावीत. कुटुंबाने आधी ओझाकडे धाव घेतली असेल, तर त्याचा उपहास न करता विश्वास संपादन करावा. उपहासाने पुढचा रुग्ण आणखी उशिरा येतो.

आदिवासीबहुल जिल्ह्यांत तातडीने तीन गोष्टी कराव्यात : केसपेपरवर घरच्या भाषेचा रकाना, त्या भाषेत तपासणी झाल्याशिवाय ‘समज नाही’ असा शेरा न मारण्याचा नियम आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात द्विभाषिक सहायकाचे मंजूर पद. पहिल्या दोन्हींसाठी एक परिपत्रक पुरेसे आहे. तिसऱ्यासाठी अर्थसंकल्पात लहानशी तरतूद लागेल. ज्याची वाचाच गेली आहे, तो अनुच्छेद ३५० खाली अर्ज करायला येणार नाही. त्याच्या वतीने ही मागणी इतरांनाच करावी लागेल.